सरांचं ॲव्हरेज

शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी कुणी नाव विचारलं, कुणी माहेर विचारलं, कुणाची सून ते तर सगळ्यांनीच विचारलं. सरांनी विचारलं, "गाडी कुठली?"

"गाडी न्हाय सर. वडापनं येते."

वडाप म्हणजे आमच्या भागातली शेअर जीप. भरल्याशिवाय ती हलत नाही आणि भरलेली असली की आपल्यासाठी थांबत नाही. मी घरातलं कुणी गेल्याचं सांगितल्यासारखं सरांनी माझ्याकडं बघितलं, "असू दे, असू दे" म्हणाले आणि तासाला निघून गेले.

सर विज्ञान शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेत मदतनीस. नळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बेडकाची बरणी पुसून परत फळीवर ठेवायची, हे माझं काम. सर फार मोठे विद्वान होते का, ते मला सांगता येणार नाही. पण पोरं त्यांच्या तासाला पळत यायची, कारण कुठलाही धडा शेवटी मोटारसायकलवर येऊन थांबायचा. घर्षण निघालं की टायर, उष्णता निघाली की सायलेन्सर. एकदा तर पचनसंस्था शिकवताना पोटाला टाकी म्हणाले आणि वर "रिझर्व्हला लागली की भूक लागते" असंही सांगितलं.

"किती देते?" हा त्यांचा रामराम होता. किती देते म्हणजे लिटरला किती किलोमीटर जाते. लग्नात हळदीच्या अंगानं बसलेल्या नवरदेवाला त्यांनी हे विचारलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एका दशक्रियेला सगळे कावळा शिवायची वाट बघत गप्प उभे होते, तर यांनी शेजारच्याला हळूच विचारलं. तोही हळूच म्हणाला, "साठ देती." सर म्हणाले, "मनाचं सांगू नका, टाकीचं सांगा." तेवढ्यात कावळा शिवला म्हणून बरं.

त्यांची स्वतःची गाडी जुनी होती. टाकीवरचा रंग त्यांच्या गुडघ्यांनी खाल्लेला, सीटला काकूंनी घरी शिवलेलं कव्हर. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस. त्या वाटेवरच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवायच्या. रोज सकाळी पणदऱ्याहून दोघं निघायचे. काकू मागं एकांगी बसलेल्या, मांडीवर पिशवी, हातात छत्री, आणि तोंड अखंड चालू. काकूंना वस्तीवर सोडायचं आणि पुढं वडगाव निंबाळकरच्या अलीकडं आमच्या शाळेत यायचं, असा सरांचा रस्ता.

माझा वडापचा थांबा कालव्याच्या पुलाखाली होता. पुलाला दोन्हीकडं उतार आहे. सर पुलाच्या डोक्यावर आले की गाडी बंद करायचे आणि उतारानं नुसती सोडून द्यायचे. तेवढंच पेट्रोल वाचतं म्हणे. आवाज थांबला की काकूंचं बोलणं एकदम ऐकू यायचं, मधूनच. "...तर ती म्हणली, मी न्हाय यायची, मी म्हणलं का गं..." आणि उतार संपला की सर गाडी चालू करायचे आणि पुढचं सगळं त्या फटफटीत जायचं. ती बाई का आली नाही, ते मला कधी कळलं नाही. रोज एक गोष्ट अर्धी. मी एकदा काकूंना म्हणाले, "तुम्ही एवढं बोलता, सरांना ऐकू येतं का?" त्या म्हणाल्या, "त्यांनी हं म्हणल्याशी मतलब."

ॲव्हरेज काढायची सरांची पद्धत म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर गाडी डबल स्टँडला लावायची, हलवून हलवून पेट्रोल तोंडापर्यंत भरून घ्यायचं. पंपावरची पोरं त्यांना बघून कंटाळायची. पंपाच्या मापावर विश्वास उडाला तेव्हा तर ह्या माणसानं घरातलं दुधाचं पितळी माप नेलं. नंतर ते राखेनं घासून परत जागेवर ठेवलं आणि काकूंना काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी मुलीच्या सासरची माणसं आली. चहा घेतला, एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं, आणि भली माणसं म्हणून कप खाली ठेवला नाही. काकूंनी एक घोट घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "अहो, चहा किती देतो बघा बरं."

आता माझं सांगते, कारण सर मला खरे कळले ते माझ्या अडचणीत.

आमच्या घरात गाडी एकच आणि ती नवऱ्याला लागायची. त्याची कंपनी बारामतीच्या बाजूला, माझी शाळा बरोबर उलट दिशेला. वडाप चुकली की तो मला सोडायला यायचा, मग मागं फिरून कंपनीत जायचा. पेट्रोल डबल. माझा पगार असा तो किती असणार. सासूबाईंनी पहिले काही महिने बघितलं आणि एक दिवस भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "पगार समदा गाडीच पितीया. त्यापरीस घरी बसून म्हसरं बघितली तर काय वाईट? शाळंला सुट्टी लागंस्तवर जा. फुडं न्हाय."

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता येत नव्हतं, हाच तर वांधा होता. पण मी इंदापूरकडची. माहेरी उजनीच्या पाण्याकडंला वडलांनी मला सायकल शिकवली, बारावीपर्यंत मी तिच्यावरच गेले. शाळेतल्या त्या नळ्या, तो स्पिरिटचा वास, पोरांनी "बाई, बाई" म्हणून मागं लागणं, हे सगळं सुट्टीनंतर बंद, असं मनात आलं की घास उतरायचा नाही. एक दिवस प्रयोगशाळेत बरण्या पुसता पुसता रडू आलं. नेमके सर आत आले.

"काय झालं बाई?"

मी सांगितलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सगळं ठीक होईल. सर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "रोजचं येऊन-जाऊन किती पडतं? वाकडी वाट न धरता सांगा."

त्या दिवसापासून माझी नोकरी हा सरांचा प्रयोग झाला. त्यांच्या भाच्यानं बॅटरीवरची सायकल घेतली होती. "लायसन न्हाय, पासिंग न्हाय, आन पॅडल मारलं तरी चालती," सर म्हणाले. "पण कंपनी सांगती ते कंपनीच्या रस्त्यावर. आपला रस्ता आपला. उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले खड्डे कंपनीला म्हाईत न्हाईत." तेव्हा ती सायकल मागून आणायची, माझ्या वाटेवर चालवायची, आणि पेट्रोलच्या गाडीशी तिची तुलना करायची, असं ठरलं.

अडचण एकच होती. सर अंगानं काडी. मी माहेरच्या दुधातुपावर वाढलेली. सरांचं म्हणणं, चालवणाऱ्याचं वजन बरोबर नसलं तर चाचणी खोटी. पण बाईमाणसाला वजन विचारायचं कसं? चार-पाच दिवस ते माझ्याभोवती घुटमळत राहिले. "बाई, तुमचं ते... म्हंजी एकूण... सायकलीवर येणारा भार..." मी मुद्दाम काहीच कळत नसल्यासारखं करत होते. शेवटी काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं आणि कुंकू लावता लावता सरळ विचारलं, "वजन किती गं तुझं?" मी सांगितलं. दाराच्या आडून सर पुटपुटले, "मग वीस किलो साखर."

साखर कारखान्याची, सभासदाला मिळते ती. ती पोत्यात बांधून कॅरिअरला लावली आणि सर कालव्याच्या रस्त्यानं निघाले. पोत्याला खाली भोक होतं. मी दुसऱ्या दिवशी थांब्यावर उभी, तर पुलापासून पार वळणापर्यंत साखरेची रेघ आणि तिच्यावर मुंग्यांची मिरवणूक. तेवढ्यात सर आले, तसा वडापवाला म्हणाला, "सर, हंगाम सुरू झाला काय?" सर म्हणाले, "वजन कमी झालं. परत करावं लागंल." आणि परत केलं.

असं करत करत एका संध्याकाळी सर आणि काकू आमच्या घरी आले. सासूबाईंनी चहा केला. सर खुर्चीच्या टोकावर बसले आणि निकाल लागल्यासारखं बोलले, "मावशी, मोटारसायकलनं यांच्या येण्याजाण्याला जेवढं पेट्रोल जातं ते तुमाला म्हाईत हाय. बॅटरीच्या सायकलीला खर्च शून्य."

"शून्य?"

"शून्य."

सासूबाईंनी सरांकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मग जाऊ द्या की. माझं काय जातंय."

मला इतका आनंद झाला की मी सरांना दुसरा चहा न विचारताच आणून दिला. नवरा म्हणाला, हप्त्यावर घेऊन टाकू. झालं, माझी शाळा वाचली असं वाटलं.

पुढचं काकूंनी मला नंतर सांगितलं. आमच्या दारातून निघाल्यावर त्या गाडीवर मागून म्हणाल्या, "अहो, पर तिच्या घरी हीर कुठाय?" सर म्हणाले, "हं." काकू म्हणाल्या, "मग ती चार्जिंग कुठं करणार? घरच्या लायटीवरच न्हवं?" सर म्हणाले, "हं." काकूंना वाटलं, यांच्या लक्षात आहे. घरी येऊन गाडी बंद केली, तेव्हा काकूंनी विचारलं, "मग काय ठरवलं तुमी?" सर म्हणाले, "कशाचं?"

झालं होतं असं. सरांनी सायकल चार्ज केली होती भावाच्या विहिरीवर, मोटारीच्या खोपीत. शेतीच्या पंपाला बिल येत नाही, त्यामुळं विहिरीवर जे काही चालतं ते फुकट, हे आमच्याकडं इतकं अंगवळणी पडलंय की विज्ञानाच्या मास्तरालासुद्धा वीज म्हणजे खर्च हे सुचलं नाही. आणि आमचं घर गावठाणात. आम्हाला ना विहीर ना मोटार. शिवाय पिकाच्या विजेवर सायकल पळवायची हे बरोबर तरी कुठं आहे?

मग सरांनी तुलना पुन्हा पहिल्यापासून केली. घरातला फ्रीज, पंखे, टीव्ही, सगळं बंद करून एकटी सायकल चार्जिंगला लावली आणि मीटरसमोर बसले. काकू उन्हाच्या काहिलीत ओट्यावर पदरानं वारा घेत. शेजारीण विचारायला आली, "लाईट गेली व्हय?" काकू म्हणाल्या, "लाईट हाय. आमाला न्हाय."

आणि मग हा माणूस भर दुपारी परत आमच्या दारात आला. मी माळवदावर कुरडया घालत होते. वरून बघितलं आणि बरं वाटलं, म्हटलं कुठली सायकल घ्यायची ते सांगायला आले असतील. खाली आले तर सर घामानं निथळलेले, सासूबाईंसमोर उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"मावशी, मागं मी शून्य म्हणलो ते चुकलं माझं. ते हिरीवरचं हुतं. घरच्या मीटरवर खर्च येतो. मोटारसायकलला एका दिवसाला जेवढं लागतं, तेवढ्यात सायकल पंधरवडाभर चालती."

 मी मनात म्हटलं, चला, पंधरवडा काही वाईट नाही, आता तरी गप्प बसा. तर नाही.

"आन बॅटरी. ती मी धरलीच नव्हती. ती दोन-तीन वर्सानं बदलावी लागती आन ती स्वस्त न्हाय. ती धरली तर पंधरवडा न्हाय, तीनच दिवस. एका दिवसाच्या पेट्रोलात तीन दिवस. हे खरं. त्याच्यापेक्षा जास्त मी सांगितलं तर ते खोटं."

मला असा राग आला म्हणून सांगू! कुरडयांचा चीक ओतावा ह्यांच्या डोक्यावर असं वाटलं. शून्यावरून पंधरवडा, पंधरवड्यावरून तीन दिवस. जमलेलं घर ह्या माणसानं दोन वाक्यांत विस्कटलं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तोंड फिरवून रांजणाकडं गेले.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "बसा मास्तर. पाणी घ्या." मग म्हणाल्या, "शून्य म्हणलात तवाच माझ्या मनात आलं, ह्यो माणूस गोड बोलून आमच्या गळ्यात काय तरी बांधतोय. फुकट कधी काय चालतं व्हय? पाव्हण्याला दारातनं मागारी कशाला लावा, म्हणून मी व्हय म्हणलं हुतं. सुट्टी लागली की मोडता घालणारच हुते."

आता कुठं सर खाली टेकले.

"आता कसं, पटतंय," सासूबाई म्हणाल्या. "तीन दिस म्हंजी बी काय कमी न्हाय. जाऊ द्या तिला. पर बॅटरी गेली तर मी तुमालाच बोलावणार."

त्या वेळी मला कळलं की सर गप्प बसले असते तर माझी शाळा सुटली असती. रांजणाशी उभी राहून मी पदरानं डोळे पुसले आणि सरांना ताक आणून दिलं. साखर घातली नाही. साखरेचं नाव काढलं की ते अजून लाजायचे.

सायकल आली. मी शाळेत जायला लागले. पहिल्याच दिवशी सरांनी टायर अंगठ्यानं दाबून बघितले आणि वर्गात पोरांना सांगितलं, बाईंचा खर्च आता मोटारसायकलच्या तिसरा हिस्सा. मग मी त्यांना एकदा, काकू बरोबर असताना, पुलाखाली गाठलं. "सर, तुमच्याच हिशोबात तुमची गाडी हरली. मग तुम्ही का घेत नाही सायकल?"

"मागं बसायला जागा न्हाय तिच्यावर," सर म्हणाले.

काकू म्हणाल्या, "मी जाईन की वडापनं. न्हायतर चालत."

"तू वडापनं गेल्यावर मला परवडंल काय?" असं म्हणून सरांनी किक मारली. काकू माझ्याकडं बघून हसल्या आणि काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. आजारपण फार दिवसांचं नव्हतं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्यांच्या गाडीची हवा बघत जा गं. दुसऱ्याची बघत्यात, सोताची इसरत्यात." मी होय म्हटलं.

तेरावा झाल्यावर सर शाळेत आले ते बॅटरीच्या सायकलवर. नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटलं, चला, सरांचं मन जरा दुसरीकडं लागलं. कुणी म्हणालं, "शेवटी बदललात सर! आता किती वाचतात?" सरांनी बॅटरीसकट सगळं नीट सांगितलं, पहिल्यासारखं. सगळे खूश झाले. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर जाऊन त्यांच्या सायकलची हवा बघितली. बरोबर होती.

संध्याकाळी आम्ही बरोबरच निघालो, आणि माझं वळण आलं तरी मी पुलापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. कालव्याच्या कडेनं दोन सायकली शेजारी शेजारी, आवाज म्हणून नाही. कडेच्या उसातली पाखरं ऐकू येत होती, पाण्याचं खळखळणं ऐकू येत होतं. पुलाच्या डोक्यावर आलो तसा सरांचा हात सवयीनं चावीकडं गेला आणि मग त्यांनी तो मागं घेतला. बंद करायला काही नव्हतंच. त्यांनी सायकल थांबवली, म्हणून मीही थांबले.

"बाई, एवढी वर्सं ती मागं बसून बोलायची," सर म्हणाले. "निम्मं मला ऐकूच आलं न्हाय. गाडीच्या आवाजात. मी नुसतं हं म्हणायचो."

मी म्हटलं, "त्यांना माहीत होतं सर."

ते उताराकडं बघत होते. "आता गाडी इतकी शांत हाय," म्हणाले, "मागं कुणी कुजबुजलं तरी ऐकू येईल."

मग त्यांनी ब्रेक सोडला आणि ते उतारानं सावकाश खाली गेले.